बासष्ट टक्क्यांवर

काटोलात एडिटिंग असं कुणी म्हणत नाही. पाटीवर ‘फोटो, शूटिंग, मिक्सिंग’ असतं आणि लग्नघरून फोन येतो तो “मिक्सिंग कुठवर आलं जी?” असा. व्हीएचएसच्या दिवसांत दोन कॅमेऱ्यांची चित्रं मिक्सर नावाच्या यंत्रातून काढून त्यांच्याखाली गाणी भरत, त्या कामाचं हे नाव. ते यंत्र कधीच भंगारात गेलं. नाव राहिलं, कारण गिऱ्हाइकाला त्यातून नेमकं कळतं: हळद, अक्षता, पंगत, पाठवणी हे सगळं कालवून एक लग्न हातात द्यायचं.

या धंद्याचं वर्ष संत्र्याच्या वर्षाला बांधलेलं आहे. आंबिया बहाराची फळं ऑक्टोबरपासून उतरू लागतात, दिवाळीच्या आगेमागे बागांचे सौदे होतात, हातात पैसा येतो आणि तुळशीचं लग्न लागलं की माणसांची लग्नं सुरू होतात. तिथून पुढे थेट मे-जूनपर्यंत काटोल, नरखेड, वरुड, मोर्शी या पट्ट्यात मिक्सिंगवाल्याच्या खोलीतला दिवा रात्री विझत नाही. शूटिंग दिवसा मांडवात होतं, सगळ्यांच्या देखत. मिक्सिंग रात्री होतं, एकट्यानं, आणि त्यात काय होतं ते घरच्यांनाही धड माहीत नसतं. म्हणूनच रात्री अडीच वाजता पडद्यावरची खिडकी पांढरी पडते, मग नाहीशी होते आणि चार तासांचं काम तिच्यासोबत जातं, तेव्हा ते नुकसान कुणाच्याच हिशेबात लागत नाही. गिऱ्हाईक म्हणतं उशीर झाला. मिक्सिंगवाला म्हणतो नशीब.

नशीब हा शब्द मला या लेखात खोडायचा आहे.

गेल्या मे महिन्यात एका पोराचा फोन आला. शाळेत असताना हा माझ्या दुकानात कॅसेटांवर चिठ्ठ्या चिकटवायला यायचा. आता त्याचं स्वतःचं काम आहे, घराच्या माडीवर, पत्र्याखाली. “काका, पुन्हा बासष्टवर बंद पडलं. आजची पाचवी वेळ. तुम्ही येता का जी?” रेंडर लावलं, म्हणजे जोडलेल्या लग्नाची एकच फाइल काढायला घेतली, की प्रत्येक वेळी बासष्ट टक्क्यांपर्यंत जायचं आणि सॉफ्टवेअर बंद. मुलीकडचे दुसऱ्या दिवशी येणार होते. पावणेतीन तासांचं लग्न होतं.

मी गेलो, पण हे काम सोडून मला बारा-तेरा वर्षं झाली. जाताना वाटेत मला बासष्टचा विचार नव्हता. २००६ ची एक रात्र आठवत होती.

तेव्हा माझ्याकडे पेंटियम ४ होतं, ५१२ एमबी रॅम आणि ८० जीबीची डिस्क. कॅमेरा मिनी-डीव्हीचा, साठ मिनिटांची कॅसेट. फायरवायरची केबल लावून कॅसेट संगणकात घ्यायची तर जितक्या वेळाची कॅसेट तितकाच वेळ लागे. तीन कॅसेटांना तीन तास. एका तासाला सुमारे १३ जीबी जागा खर्ची पडे, म्हणजे एका लग्नात अर्धी डिस्क गेली. डिस्क जुन्या फॅट-३२ पद्धतीची असेल तर ४ जीबीपेक्षा मोठी फाइल तिच्यावर मावतच नसे, म्हणून दर एकोणीस-वीस मिनिटांनी तुकडा पडायचा, कधी नेमका मंगलाष्टकांच्या मध्ये. शिवाय त्या वेळचं सॉफ्टवेअर ३२ बिटांचं. साध्या भाषेत सांगायचं तर विंडोजमध्ये अशा प्रोग्रामला बहुधा २ जीबीपर्यंतच मेमरी वापरता येई, मग संगणकात कितीही भरा. टाइमलाइन, म्हणजे तुकडे ओळीनं मांडायची पट्टी, लांबली, फोटो जास्त झाले, टायटलं चढली की ती हद्द गाठली जाई आणि प्रोग्राम गपकन बंद पडे. प्रीमियर प्रो हे मिक्सिंगचं सॉफ्टवेअर ६४ बिटांवर आलं ते २०१० साली, सीएस-५ मध्ये. त्याआधी आम्ही वर्षानुवर्षं स्वतःच्या हाताला दोष दिला. “तू फार भराभर माउस हलवतोस” असं एका जुन्या मिक्सिंगवाल्यानं मला सांगितलं होतं, आणि मी सावकाश हलवायला लागलो होतो.

ते वर्ष भारनियमनाचं होतं. दिवसातले अनेक तास वीज नसे, म्हणून काम रात्री. त्या रात्री मी दोन रात्रींचं मिक्सिंग संपवत आणलं होतं आणि सेव्ह करत असतानाच वीज गेली. यूपीएस होता, त्याची बॅटरी मेलेली होती आणि ते मला माहीत होतं. वीज आल्यावर संगणकानं डिस्कची तपासणी सुरू केली आणि शेवटी प्रोजेक्टची फाइल शून्य केबीची दाखवली. व्हिडिओच्या काही फाइलींच्या जागी निनावी तुकडे उरले होते, फक्त आकडे लावलेले. मी फार घाबरलो नाही. कॅसेटा होत्या, पुन्हा घेता आल्या असत्या. पहिली सापडली, तिसरी सापडली. दुसरी कॅसेट मी आदल्या दिवशी एका जावळाच्या कार्यक्रमाला वापरून टाकली होती. नवी कॅसेट दीडशे रुपयांच्या घरात पडायची, संगणकात घेऊन झाली की तीच परत भरायची, सगळेच तसं करत.

दुसऱ्या कॅसेटवर अक्षता होत्या. नवरदेवाचे आजोबा, दम्यानं बेजार, खुर्चीत बसून होते आणि मूठ उघडून तांदूळ टाकायचं त्यांना सुधरत नव्हतं. शेजारच्या लहान मुलीनं त्यांची बोटं एकेक करून उघडली होती. ते मी स्वतः शूट केलं होतं. आजोबा त्या पावसाळ्यात गेले. घरचे आले तेव्हा त्यांना पहिली आणि तिसरी कॅसेट मिळाली. त्यांनी पैसे परत मागितले नाहीत. मला अजून ती बोटं दिसतात.

इथून मला एक गोष्ट कळली, आणि ती द्यायला नको होती अशी किंमत देऊन कळली: मिक्सिंग हे आपलं काम आहे, ते बुडालं तर पुन्हा करता येतं, फुटेज आपलं नसतं. ते त्या घराचं असतं आणि आपल्याकडे ठेव म्हणून आलेलं असतं.

या धंद्याच्या मूळ पुरुषालाही काम दुसऱ्यांदा करावं लागलं होतं. दादासाहेब फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कोरोनेशन सिनेमात लागला. पुढे चित्रपट गावोगावी फिरला आणि बैलगाडीच्या प्रवासात, उन्हानं नि घर्षणानं, फिल्म नासली असं सांगतात. फाळक्यांनी १९१७ मध्ये ती गोष्ट पुन्हा चित्रित केली. आणि त्या घरातलं आमच्यासारखं काम, अंधारात बसून करायचं, ते सरस्वतीबाई फाळके करत होत्या. कच्ची फिल्म कडेची भोकं न पाडलेली यायची. ती भोकं त्या रात्री अंधारात पाडत, रसायनं कालवत, फिल्म धूत, आणि दिवसा साऱ्या कंपनीचा स्वयंपाक करत. पडद्यावर त्यांचं नाव नव्हतं. माडीवर पत्र्याखाली बसलेल्या पोरांना मी हे नेहमी सांगतो, कारण आपल्या कामाला कुळी आहे हे त्यांना कुणी सांगत नाही.

दुसरी कुळी मालेगावची. शेख नासिर यांचं तिथे व्हिडिओ पार्लर होतं आणि ‘मालेगाव के शोले’ त्यांनी जोडला तो दोन व्हीसीआर समोर ठेवून. एकावर चालवायचं, दुसऱ्यावर भरायचं. ज्यांनी ती पद्धत हाताळली नाही त्यांच्या लक्षात येणार नाही की त्यात मागे जाणं जवळजवळ नव्हतंच. बाराव्या मिनिटाला चूक सापडली तर बाराव्या मिनिटापासून पुढचं सगळं पुन्हा, आणि प्रतीवर प्रत काढली की चित्र पिठूळ होत जाणार. फैझा अहमद खान यांच्या ‘सुपरमेन ऑफ मालेगाव’ या माहितीपटात नासिर आणि त्यांची मंडळी सुपरमॅनचा चित्रपट करताना दिसतात. मधेच कॅमेरा पाण्यात पडतो आणि शूटिंग थांबतं. नायक शफीक यंत्रमागावर काम करणारा. तिथल्या माणसांच्या चेहऱ्यावर मला जे दिसलं ते आमच्याकडच्या खोल्यांत कमी दिसतं: यंत्र मोडलं तर ते उघडून बघायचं असतं, एवढी साधी खात्री.

आता बासष्ट टक्के.

पोराचा संगणक चांगला होता. नागपुराहून सुटे भाग जुळवून आणलेला, १६ जीबी रॅम, बऱ्यापैकी ग्राफिक्स कार्ड. मी त्याला एकच विचारलं, “नेहमी त्याच जागी पडतं का कुठंही?” तो म्हणाला, “रेंडर बासष्टवरच. पण दुपारून काम करून राहिलो तर कुठंबी पडते.”

म्हणजे दुखणी दोन होती आणि तो त्यांना एकच समजत होता. माझ्या मते या सगळ्या प्रकरणात सर्वांत उपयोगी प्रश्न हाच आहे. त्याच जागी बंद पडत असेल तर त्या जागेवर काहीतरी आहे: बिघडलेली क्लिप, न झेपणारा इफेक्ट, बाहेरून आणलेलं ट्रान्झिशन, कधी एखादा खराब फॉन्टसुद्धा. दर वेळी वेगळ्या जागी पडत असेल तर दोष बहुतेक टाइमलाइनमध्ये नसतो, यंत्रात असतो: उष्णता, रॅम, ग्राफिक्सचा ड्रायव्हर, वीज.

आधी पहिलं दुखणं. पावणेतीन तासांच्या टाइमलाइनवर हजाराच्या आसपास तुकडे होते. त्यातला वाईट कोणता हे कसं शोधायचं? टक्क्यावर भरवसा ठेवून उपयोग नसतो, कारण बासष्ट टक्के म्हणजे टाइमलाइनची नेमकी बासष्ट टक्क्यांवरची जागा असतेच असं नाही. ठिबकची नळी कुठं फुटली हे बागेत शोधतो तसंच इथं करायचं. अर्ध्या बागेचा व्हॉल्व्ह बंद करायचा. दाब आला तर फूट त्या अर्ध्यात. मग त्या अर्ध्याचं अर्धं. आम्ही टाइमलाइनचा पहिला अर्धा रेंडरला लावला, नीट निघाला. दुसरा अर्धा बंद पडला. दुसऱ्याचे दोन भाग केले. दर वेळी अर्धं केलं तर हजार तुकड्यांतून एक सापडायला दहाच वेळा पुरतात. आम्हाला नऊ लागल्या, आणि तुकडे लहान होत गेले तसा वेळही घटत गेला. रात्री एकच्या सुमारास एक क्लिप उरली: अकरा सेकंदांची, हळदीतली, कुणाच्या तरी मोबाइलवर काढलेली. तिच्यावर तयार पॅकमधलं एक झगमगीत ट्रान्झिशन चढवलेलं होतं.

मोबाइलची क्लिप का नडते हे सांगायला हवं, कारण आजच्या बहुतेक बंद पडण्याच्या मुळाशी हेच दोन-तीन प्रकार आहेत. सरकारी कचेरीतलं रजिस्टर आठवा. पहिल्या ओळीत सगळा मजकूर लिहितात आणि खाली ‘वरीलप्रमाणे’. एच-२६४ आणि एच-२६५ या पद्धतींत व्हिडिओ असाच साठवतात. एक चित्र पूर्ण, त्यानंतरची कित्येक चित्रं ‘वरीलप्रमाणे, फक्त हात थोडा वर’. काही चित्रं तर ‘खालीलप्रमाणे’सुद्धा असतात, पुढच्या चित्रावर अवलंबून. नुसतं बघायला ही पद्धत उत्तम, फाइल चिमुकली राहते. पण मिक्सिंगवाला चाळिसाव्या चित्रावर कात्री लावतो, तेव्हा संगणकाला मागे जाऊन पूर्ण चित्र शोधून चाळीस ओळी वाचत यावं लागतं. तीन कॅमेरे एकावर एक असतील तर तिन्ही रजिस्टरं एकदम. त्यात मोबाइल सेकंदाला किती चित्रं घ्यायची हेही उजेड बघून बदलत राहतो. कुठं तीस, कुठं चोवीस. टाइमलाइन मात्र ठरलेल्या वेगानं चालते. मग आवाज ओठांच्या मागेपुढे सरकतो आणि एखादं कच्चं लिहिलेलं ट्रान्झिशन, जे पुढचं चित्र ठरल्या ठिकाणी असेल असं धरून चालतं, ते सापडलं नाही की कोलमडतं आणि आपल्यासोबत सगळं सॉफ्टवेअर घेऊन जातं.

नव्या कॅमेऱ्यांनी यात आणखी भर घातली. गेल्या काही वर्षांत लग्नाच्या शूटिंगला आलेले सोनीचे ए-७ एस ३, ए-७ ४ यांसारखे कॅमेरे दहा बिटांचा ४:२:२ रंग एच-२६५ मध्ये भरू शकतात. रंग सुरेख येतो. पण तो उलगडून दाखवायची सोय बऱ्याच ग्राफिक्स कार्डांत नव्हती. एनव्हिडियानं ती आपल्या कार्डांत आणली ती थेट २०२५ च्या ५० मालिकेत. इंटेलच्या प्रोसेसरमधल्या साध्या अंगभूत ग्राफिक्सला मात्र ते अकराव्या पिढीपासून जमत होतं. त्यामुळे कर्ज काढून भारी कार्ड घेतलेला अडकतो आणि शेजारच्याचा स्वस्त संगणक सुरळीत चालतो. हे दुकानात कुणी सांगत नाही. घेणाऱ्यानं आपला कॅमेरा काय भरतो हे आधी बघावं आणि मग यंत्र घ्यावं, हा माझा या बाबतीतला ठाम सल्ला.

उपाय जुनाच आहे. रजिस्टरातली प्रत्येक ओळ पूर्ण लिहून काढायची. म्हणजे क्लिपा आधी अशा फॉर्मॅटमध्ये बदलून घ्यायच्या ज्यात प्रत्येक चित्र स्वतंत्र असतं: प्रोरेस, डीएनएक्सएचआर, किंवा एडियस या सॉफ्टवेअरवाल्यांकडे एचक्यू. एडियस आपल्या मिक्सिंगवाल्यांत इतकं रुजलं त्यात मला या एचक्यूचा मोठा वाटा वाटतो. जपानमधल्या कोबे शहरातल्या कॅनोपस कंपनीनं एडियस काढलं होतं. जागा कैक पट लागते, हे खरं. तेवढी डिस्क नसेल तर प्रॉक्सी, म्हणजे हलकी प्रत करून तिच्यावर काम करायचं आणि शेवटी मूळ जोडायचं. आणि मोबाइलच्या क्लिपा तर काहीही झालं तरी आधी एकसारख्या वेगाच्या करून घ्यायच्या. हँडब्रेक नावाचं फुकट सॉफ्टवेअर ते करतं.

पण त्या रात्री मी हा सल्ला दिला नाही. मी दमलो होतो आणि म्हणालो, “अकरा सेकंदांचा तुकडा आहे. काढून टाक. कुणाला कळणार आहे?”

पोरानं मान हलवली. “नाई काका. ह्या काकू पाहा.” क्लिपमध्ये पिवळ्या पातळातली एक बाई नाचत होती, हातात झारा तसाच. “मुलीच्या काकू. चार दिवस स्वयंपाकघरातच होत्या. माझ्या तिन्ही कॅमेऱ्यांत त्या कुठंच नाही. मी पाहिलं सगळं.”

मग आम्ही क्लिप बदलून घेतली, ट्रान्झिशन काढून साधा कट ठेवला आणि रेंडर लावलं. बासष्ट गेलं. सत्तर गेलं.

दुसरं दुखणं दुपारचं होतं. ते दुसऱ्या दिवशी पाहिलं. मे महिन्यात आमच्याकडे पंचेचाळीस अंश ही बातमी नसते. वर पत्रा, खाली मशीन, आणि खोलीत वाळ्याच्या ताट्यांचा कूलर थेट संगणकावर रोखलेला. माणसाला त्यानं बरं वाटतं. यंत्राला कूलरची हवा म्हणजे दमट हवा आणि धूळ, दोन्ही एकत्र. मशीनचा पत्रा काढला तर प्रोसेसरच्या पंख्याच्या पात्यांत धुळीचा वाळलेला चिकट थर बसला होता, ब्रशनं निघेना, काडीनं खरवडावा लागला. प्रोसेसर शंभर अंशांच्या जवळ गेला की स्वतःला वाचवायला वेग कमी करतो आणि त्याहून पुढे बंदच होतो. रेंडरच्या वेळी दुपारी तो अठ्ठ्याण्णव दाखवत होता. साफ करून, नवी थर्मल पेस्ट लावून, मशीन भिंतीपासून वीतभर पुढे ओढून तो ऐंशीच्या आत आला. कूलरचं तोंड आम्ही माणसाकडे वळवलं. इन्व्हर्टर होता, पण तो साध्या मोडवर. वीज जाताना मधे जो क्षणाचा खंड पडतो त्यात पंख्याला काही होत नाही, संगणक मात्र नव्यानं चालू होतो. बटण यूपीएस मोडवर केलं. एवढ्याशा बटणानं त्याच्या वर्षभरातल्या किती रात्री खाल्ल्या असतील?

यंत्राचा दोष आणि सॉफ्टवेअरला शिव्या, हे मोठ्यांच्या जगातही घडतं. इंटेलच्या तेराव्या आणि चौदाव्या पिढीचे काही डेस्कटॉप प्रोसेसर असेच वागत होते. गेम आणि जड सॉफ्टवेअर मधेच बंद पडायचं आणि पडद्यावर यायचं ‘व्हिडिओ मेमरी संपली’. लोकांनी ग्राफिक्स कार्डं बदलली, सॉफ्टवेअर पुन्हा पुन्हा टाकलं. २०२४ मध्ये इंटेलनं मान्य केलं की प्रोसेसर गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज मागत होते आणि त्यानं ते कायमचे बिघडत होते. कंपनीनं दुरुस्तीचा मायक्रोकोड दिला, वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. पण जे बिघडले ते मायक्रोकोडनं सुधारत नाहीत, बदलूनच घ्यावे लागतात. ज्यांच्याकडे या पिढ्यांचं यंत्र आहे त्यांनी मदरबोर्डचं बायोस अद्ययावत आहे का ते या दिवाळीतच बघावं, सीझन लागण्याआधी.

आता एक अवघड विषय. त्या पोराच्या संगणकावर सॉफ्टवेअर पेनड्राइव्हवरून आलेलं होतं, आणि देणाऱ्यानं बजावलं होतं, “अपडेट करू नको, नाहीतर चालणार नाही.” आमच्या भागात हे फार आहे आणि मी त्याला चोर म्हणणार नाही, कारण आठ वर्षं मीही तेच केलं. पण त्यात आपण काय गमावतो ते स्पष्ट बघू या. बंद पडण्याची कारणं कंपनी दर महिन्या-दोन महिन्यांनी दुरुस्त करत असते आणि त्या दुरुस्त्या आपल्यापर्यंत येत नाहीत. तोडलेल्या सॉफ्टवेअरसोबत काय आलं हे कुणालाच ठाऊक नसतं. आणि तिसरी गोष्ट मला सर्वांत जास्त लागते. सॉफ्टवेअर बंद पडलं की एक खिडकी येते: अहवाल पाठवू का? त्या अहवालात प्रोग्राम नेमकं कुठलं काम करताना पडला त्याची नोंद असते. आपण ‘नको’ दाबतो, भीतीनं. म्हणून जगात कुठंतरी जी यादी बनते, काय मोडतंय याची, तिच्यात काटोलची माडी, पत्रा, मोबाइलवरची हळद यांतलं काहीच पोचत नाही. परवडत नसेल तर दाविंची रिझॉल्व्हची फुकट आवृत्ती आहे, रीतसर. तिला ग्राफिक्स कार्ड बरं लागतं आणि सवय व्हायला महिना जातो. उन्हाळा संपल्यावर, पावसाळ्याच्या रिकाम्या दिवसांत ती शिकता येते. पोरगा या पावसाळ्यात ती शिकला.

शिवाय पैसे मोजलेलं सॉफ्टवेअरही धोका देतं, हेही नोंदवायला हवं. २०१८ मध्ये अमेरिकेतल्या एका व्हिडिओग्राफरनं प्रीमियर प्रो बनवणाऱ्या अडोबीवर दावा लावला. त्याचं म्हणणं असं की प्रीमियर प्रोच्या एका आवृत्तीत कॅश, म्हणजे तात्पुरत्या फाइलींचा साठा, साफ करताना कॅशच्या बाहेरच्या त्याच्या फाइलीही पुसल्या गेल्या, सुमारे लाखभर क्लिपा. आणि ‘टॉय स्टोरी २’ची गोष्ट तर त्याही आधीची, १९९८ ची. पिक्सारमध्ये एका चुकीच्या आज्ञेनं चित्रपटाच्या फाइली भराभर पुसल्या जाऊ लागल्या. बॅकअप होता, पण तो नीट चालतोय का हे कुणी तपासलं नव्हतं. गॅलिन सुझमन या निर्मितीतल्या बाई तान्ह्या बाळामुळे घरून काम करत होत्या, म्हणून त्यांच्या घरच्या संगणकावर एक प्रत होती. तो संगणक रजईत गुंडाळून मोटारीतून आणला. इतक्या मोठ्या स्टुडिओचं काम एका बाळंतिणीच्या घरात वाचलं.

म्हणून प्रत दुसऱ्या घरात हवी. पोरानं आता जी रीत बसवली आहे ती अशी. कार्डातलं फुटेज त्याच रात्री दोन डिस्कांवर उतरवायचं. एक डिस्क माडीवर, दुसरी नरखेडला आत्याकडे. रेल्वेनं जाणाऱ्या कुणाच्याही हाती ती जाते आणि आत्या ती गव्हाच्या कोठीवर ठेवते, उंदीर-पाणी दोन्हीपासून वर. प्रोजेक्टची फाइल तर चिमुकली असते, कारण तिच्यात व्हिडिओ नसतोच, फक्त कोणता तुकडा कुठून घ्यायचा याचे पत्ते असतात. ती दर पाच मिनिटांनी आपोआप सेव्ह होते आणि रोज रात्री नव्या नावानं, तारीख घालून, मेलवर जाते. जुनी फाइल उघडत नसेल तर कोरा प्रोजेक्ट घेऊन त्यात ती आयात करून बघायची. बऱ्याचदा तेवढ्यानं जीव येतो. लग्न तीन प्रोजेक्टांत तोडायचं, हळद, लग्न आणि पाठवणी, म्हणजे एक पडलं तर दोन उभे.

त्या दिवशी अकराला मुलीचे वडील आले. सोबत त्यांची भावजय होती, पिवळं पातळ नव्हतं म्हणून मला पटकन ओळखू आली नाही. पोरानं टीव्हीवर लग्न लावलं. हळद आली, गाणं आलं आणि झारा घेऊन त्या अकरा सेकंद नाचल्या. “अगं बाई,” एवढंच म्हणून त्यांनी पदर तोंडाशी नेला. मुलीचे वडील म्हणाले, “थांबव भाऊ. मागे घे.”

पोरानं मागे घेतलं. तीन वेळा.

ते गेल्यावर त्यानं कॅमेऱ्यांची कार्डं एकेक करून रिकाम्या काडेपेटीत घातली, वर मुलीचं नाव आणि तारीख लिहिली. मी विचारलं, “पाहून झालं ना त्यांचं? आता पुसायला काय हरकत आहे, परवा पुन्हा लग्न आहे तुझं.”

“आत्याकडची डिस्क उघडून पाहिली नाही अजून,” तो म्हणाला आणि काडेपेटी खणात ठेवली.